कुंडीतला पेपरबार्क : छाटणी आणि पालवी



बोन्साय किंवा वामनवृक्ष हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जपानी चित्रातला एखादा पाइन उभा राहतो. उथळ कुंडी, वळणे घेत वर गेलेले जुनाट खोड, आडव्या पसरलेल्या फांद्या आणि त्यांवर ढगांसारखे विसावलेले हिरवे पुंजके, असे ते चित्र असते. आज मी ज्या झाडाविषयी बोलणार आहे ते मात्र जपानचे नव्हे, ऑस्ट्रेलियाचे आहे. तिकडे त्याला पेपरबार्क म्हणतात. बार्क म्हणजे साल. कागदाच्या पातळ ताव्यांची चळत असावी तशी याची साल असते, म्हणून हे नाव पडले.

या सालीमुळे हे झाड कुंडीत थोड्याच वर्षांत वयोवृद्ध दिसू लागते. अडचण येते ती डोक्यावरच्या पालवीची. खोड ऋषीचे आणि केस मात्र अवखळ पोराचे, अशी त्याची अवस्था होते. लांबलचक शेंडे भरभर वर धावतात, खालच्या फांद्या उघड्या पडतात आणि झाडाला वृक्षाचे रूप येत नाही. ते रूप कसे आणावे, म्हणजेच छाटणी कशी करावी आणि पर्णसंभार कसा घडवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. पेपरबार्क ही मेलॅल्यूका या प्रजातीतील झाडे होत. या प्रजातीत सुमारे 300 जाती असून त्यांतील बहुतेक ऑस्ट्रेलियातच आढळतात. आपले जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ज्या कुलातील, त्याच कुलातले हे झाड आहे. पान चुरगळले असता येणारा उग्र वास हे नाते सांगतो. लिनियस या सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने 1767 मध्ये या प्रजातीचे नामकरण केले. ग्रीक भाषेत मेलास म्हणजे काळे आणि ल्यूकोस म्हणजे पांढरे. वणव्याने काळवंडलेली पांढरी साल पाहून हे नाव सुचले असावे, असे सांगतात. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी या सालीचा उपयोग फार पूर्वीपासून करीत आले आहेत. झोपडीचे छप्पर शाकारण्यासाठी, लाकडी पात्रात तान्ह्या मुलाखाली मऊ अंथरण्यासाठी आणि खड्ड्यात भाजायचे अन्न गुंडाळण्यासाठी ही साल त्यांच्या उपयोगी पडे.

वामनवृक्षासाठी यांतील थोड्याच जाती विशेष पसंत केल्या जातात. मेलॅल्यूका लिनारिफोलिया ही त्यांतील एक. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या प्रांतांच्या पूर्व भागात, ओढ्यांच्या काठी आणि दलदलीत ती वाढते. उन्हाळ्याच्या आरंभी ती पांढऱ्या फुलांनी अशी झाकून जाते की लोक तिला ‘उन्हाळ्यातला बर्फ’ म्हणतात. दुसरी मेलॅल्यूका स्टायफेलिऑइडीस. तिची पाने बारीक, टोकाला काट्यासारखी टोचणारी असतात. तिसरी रुंद पानांची मेलॅल्यूका क्विन्क्वेनर्व्हिया. तिचे पान पाच ते बारा सेंटिमीटर लांब असल्यामुळे ती लहान कुंडीत बेढब दिसते, मोठ्या वामनवृक्षालाच शोभते. पान जितके लहान, तितके लहान झाडातून मोठ्या वृक्षाचा भास निर्माण करणे सोपे जाते, हे ध्यानात ठेवावे.

आता या झाडाचा स्वभाव पाहू, कारण छाटणीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. ऑस्ट्रेलियाच्या रानात वणवे वारंवार लागतात. वणव्यात पाने आणि कोवळ्या काड्या जळून जातात, पण जाड सालीखाली झोपलेले डोळे जिवंत राहतात. वरचा शेंडा नाहीसा झाला की ते जागे होतात आणि उघड्या खोडावरून धुमारे फुटतात. पुष्कळशा पाइनांची गोष्ट निराळी. पाने गळून गेलेल्या जुन्या लाकडावर त्यांना सहसा फुटवा येत नाही, म्हणून पाइनवाला एकेक सुई जपून ठेवतो. पेपरबार्क निरोगी असेल तर जुन्या लाकडावरही फुटतो.

हा गुण किती जबरदस्त आहे याचा दाखला अमेरिकेत सापडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रुंद पानांचा पेपरबार्क फ्लॉरिडात नेऊन लावण्यात आला. तेथील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात तो बेफाम पसरला आणि मूळच्या वनस्पतींना हटवू लागला. झाड तोडावे तर बुंध्यातून पुन्हा फुटे. जाळावे किंवा पाडावे तर फांद्यांना घट्ट चिकटलेल्या लाकडी बोंडांतून असंख्य बारीक बिया खाली पडत. अखेर 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातूनच या झाडाची कोवळी पालवी खाणारा एक सोंडकिडा आणून तेथे सोडण्यात आला. कुंडीत ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तोच परक्या भूमीवर मोकाट सुटला की उपद्रव ठरतो.

या स्वभावामुळे नवशिक्याचा एक समज होतो. झाड कापले की फुटते, तेव्हा जितके अधिक कापावे तितकी पालवी दाट, असे तो मानतो आणि रोज सकाळी कात्री घेऊन कुंडीपुढे बसतो. कोंब दिसला की खुडला, असा क्रम सुरू होतो. काही महिने झाड टवटवीत दिसते, मग फुटवे बारीक होऊ लागतात, आतील काड्या वाळतात आणि एखाद्या उन्हाळ्यात एक अख्खी फांदी जाते. याचे कारण उघड आहे. फुटवा फुटतो तो झाडाने साठवलेल्या अन्नावर, आणि ते अन्न तयार करतात पाने. पाने मोठी होण्यापूर्वीच काढून घेतली तर ठेवीत भर न घालता नुसते पैसे काढीत राहिल्यासारखे होते. म्हणून या विद्येचे मुख्य सूत्र असे की, आधी वाढू द्यावे, मग कापावे आणि पुन्हा वाढू द्यावे. दाट पालवी या दोहोंच्या आलटून पालटून केलेल्या योजनेने येते, नुसत्या कात्रीने नव्हे.

काप दिल्यावर फांदीत काय घडते ते समजून घेतले म्हणजे हात आपोआप शहाणा होतो. प्रत्येक शेंड्यात ऑक्सिन नावाचे एक द्रव्य तयार होते. ते खाली उतरत जाते आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. त्यामुळे एकटा शेंडाच पुढे धावतो. शेंडा काढला की तो अंमल संपतो आणि कापाच्या लगेच मागचे डोळे जागे होतात. आपल्याकडील द्राक्षबागाईतदार शेंडा खुडून बाजूचे फुटवे काढून घेतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

लिनारिफोलियाची पाने समोरासमोर जोडीने येतात. एका जोडीच्या थोडे वर कापले तर त्या जोडीच्या बगलेतून दोन कोंब निघतात. म्हणजे एकाचे दोन झाले. ते वाढल्यावर दोन्ही कापले की चार होतात, पुढे आठ, सोळा आणि पाचव्या छाटणीअखेर बत्तीस. हे गणित फळ्यावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात काही कोंब वाळतात, काही आपणच काढून टाकतो. तरी एका काडीचे दाट झुपके होणे हे एका छाटणीचे काम नसून चार-पाच वेळा केलेल्या दुपटीचे फळ आहे, हे त्यातून पटावे. स्टायफेलिऑइडीसची पाने एकाआड एक येतात. तेथे कापाजवळच्या शेवटच्या पानाकडे नीट पाहावे. ते पान ज्या दिशेस तोंड करून असेल, त्याच दिशेस नवा कोंब जाईल. बाहेरच्या किंवा बाजूच्या पानावर कापले तर फांदी पसरते. वरच्या अंगाच्या पानावर कापले तर ती उभी चढते आणि आकार बिघडतो.

आता क्रम सांगतो. पालवीचा विचार करण्यापूर्वी फांदी जाड झाली पाहिजे. फांदी जाड होते ती मोकळी सोडल्याने. जितकी अधिक पाने, तितके अधिक अन्न आणि तितके अधिक लाकूड. म्हणून पहिल्या काही वर्षांत खालच्या मुख्य फांद्या फूट-दोन फूट लांब वाढल्या तरी त्यांना हात लावू नये. त्या वेळी झाड कुरूप दिसेल, दिसू द्यावे. हवी तेवढी जाडी आली की ती फांदी आखूड कापावी. हा मोठा काप उष्ण हंगामाच्या तोंडी द्यावा. सिडनीकडे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, कारण दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तेथे भर उन्हाळा असतो. हंगामाच्या तोंडी कापलेल्या झाडाला भरून येण्यास पुढे कित्येक महिने मिळतात. हिवाळ्याच्या उंबरठ्यावर असा काप दिला तर उघडी काडी महिनोन् महिने तशीच पडून राहते आणि पुष्कळदा मरते.

जुने लाकूड फुटते हे खरे, पण त्यावर सर्वस्वी विसंबू नये. शक्यतो कापाच्या मागे एखादे जिवंत पान किंवा लहानसा फुटवा राखावा. पानाविना उरलेल्या फांदीला रसाचे आकर्षण राहत नाही आणि झाड तिला सोडून देते. अगदी उघड्या लाकडावर कापणे भागच असेल तर ते केवळ धष्टपुष्ट झाडावर करावे, आणि हव्या त्या ठिकाणाहून थोडे लांब कापावे. कोंब नेमका कोठे निघेल हे आधी सांगता येत नाही. तो निघून बळकट झाला म्हणजे उरलेले खुंट त्याच्यापर्यंत कापून घ्यावे.

मोठ्या कापानंतर पेपरबार्कला कोंबांचा नुसता घोस फुटतो. एकाच जागेतून पाच-सात कोंब पाहून माळ्याला आनंद होतो, पण ते सारे ठेवले तर ती जागा सुजून गाठ तयार होते आणि ती गाठ पुढे कधी लपत नाही. कोंब बोटभर झाले की त्यांतील दोन निवडावेत, एक डावीकडे जाणारा आणि एक उजवीकडे जाणारा. सरळ वर उठणारे, सरळ खाली लोंबणारे आणि बेचक्यातून निघालेले कोंब मुळापासून काढावेत.

यानंतर दुसरी पायरी येते. निवडलेले कोंब सहा-आठ जोड्या पानांचे होऊ द्यावेत, आणि त्यांचा खालचा भाग हिरव्याचा तपकिरी होऊ लागला की मागच्या दोन जोड्यांवर आणावेत. एकाआड एक पानांच्या जातीत तीन-चार पाने राखावीत. पुन्हा फुटले की पुन्हा तसेच. उष्ण हंगामात जोमदार झाडावर हा फेरा अनेक वेळा करता येतो. किती दिवसांनी करावा, असे विचारू नये. पंचांग पाहून नव्हे, कोंब पाहून कात्री उचलावी. कोंब बळकट दिसत असेल तर कापावे, बारीक आणि फिकट असेल तर थांबावे. आराखडा तयार झाल्यावरच तिसरी पायरी, म्हणजे केवळ कोवळा शेंडा खुडून आकार राखणे, सुरू करावी. नवशिका नेमका या शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो आणि वर्षानुवर्षे त्याचे झाड एका जागीच राहते.

पालवी दाट झाली म्हणजे काम संपले असे नाही. अंगणातल्या मेंदीच्या कुंपणात कधी हात घालून पाहा. बाहेरून हिरवीगार भिंत, आत मात्र सगळ्या वाळक्या काड्या. वरूनवरून कात्री फिरवल्याने पालवीचा एक कवचासारखा थर झाला आणि आत ऊन शिरेनासे झाले. पेपरबार्क हे उन्हाचे झाड आहे. सावलीत पडलेली त्याची आतली पाने लवकर गळतात. आतले फुटवे मेले की पुढच्या वेळी मागे कापण्यास जागाच उरत नाही आणि झाड दर वर्षी बाहेर बाहेर सरकते. म्हणून हंगामातून एक-दोनदा विरळणी करावी. एकावर एक आलेल्या काड्यांतील एक काढावी, टोकाशी झालेले दाट गुच्छ दोन-दोन काड्यांवर आणावेत आणि पुंजक्यांमध्ये मोकळी जागा ठेवावी. पुंजक्याच्या खालून वर पाहिले असता आकाशाचे ठिपके दिसले पाहिजेत.

झाडाचे सारे अवयव सारखे बलवान नसतात, हेही विसरू नये. शेंडा सर्वांत जोरकस आणि तळची फांदी सर्वांत दुबळी. सगळीकडे समान कात्री चालवली तर वरचे आणखी माजते आणि खालचे खंगते. तेव्हा वर वारंवार आणि आखूड कापावे, खाली क्वचित आणि लांब. एखादी तळची फांदी मागे पडलेली दिसली तर तिचे टोक वर वळवून वर्षभर मोकळे सोडावे. वरच्या फांद्यांना मात्र सवलत देऊ नये. वर्गात हुशार मुलाला थोडे आवरावे लागते आणि मागच्या बाकावरच्याला अधिक वेळ द्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

छाटणी कितीही शास्त्रशुद्ध केली तरी पाणी चुकले तर सर्व फुकट जाते. ही झाडे ओढ्याकाठची आणि दलदलीतली आहेत. उथळ कुंडीतली माती एका कडक दुपारीही पूर्ण वाळली तर बारीक काड्या मरतात, आणि त्या बारीक काड्याच तर आपण वर्षानुवर्षे दुपटीने मिळवलेल्या असतात. म्हणून ऑस्ट्रेलियातील पुष्कळ छंदिष्ट उन्हाळ्यात पेपरबार्कची कुंडी उथळ पाणी भरलेल्या परातीत ठेवतात. इतर वामनवृक्षांची मुळे अशाने कुजली असती. कुंडी बदलणे आणि मुळे छाटणे हेही काम थंडीत न करता उष्ण हंगामात, झाड वाढीला लागल्यावर करावे. मात्र अशक्त झाडाची मुळे आणि डोके एकाच वेळी कापू नये.

फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळतात. पेपरबार्कच्या कोवळ्या काड्या लवचीक असतात, पण त्या झपाट्याने जाड होतात आणि तार सालीत रुतते. दर थोड्या दिवसांनी पाहणी करून ती वेळीच कापून काढावी. उलगडण्याच्या नादात साल ओरबाडली जाते. खोडावरची सैल साल स्वच्छतेच्या हौसेने सोलू नये, ब्रशाने घासू नये. तिचे थर हेच या झाडाचे वय आणि वैभव.

फुलांविषयी एक शब्द. या झाडाची फुले फांदीच्या टोकाकडे येतात आणि फुलोऱ्याच्या पुढे तीच काडी पुन्हा वाढत जाते. म्हणून सतत शेंडे खुडणाऱ्याला फुले दिसत नाहीत. ज्याला ती पाहायची असतील त्याने एक हंगाम कात्री आवरावी आणि फुले ओसरताच फुलोऱ्याच्या मागे कापावे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पूर्णपणे मिळत नाहीत.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, ऑस्ट्रेलियातल्या झाडाचे आम्हांस काय? पण हे गोत्र आपल्याला परके नाही. औषधात पूर्वापार ठाऊक असलेले कायापुटीचे तेल मेलॅल्यूकाच्याच एका जातीचे. मलय भाषेत ‘कायु पुतिह’ म्हणजे पांढरे लाकूड, त्यावरून ते नाव आले. बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा बेळगाव, कोठल्याही सार्वजनिक बागेत लांब लाल केसरांचा बॉटलब्रश लोंबताना दिसतो. तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि याचाच जवळचा भाऊबंद. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर त्याला मेलॅल्यूकातच धरतात. त्याचे एखादे रोप कुंडीत लावून वर सांगितलेले नियम पडताळून पाहता येतील. त्याला कागदी साल मिळणार नाही, पण फुलोऱ्यामागे कापले असता काडी कशी दुभंगते हे डोळ्यांनी दिसेल. कोणी खरा पेपरबार्क मिळवलाच तर तो कुंडीतच ठेवावा. तळ्याकाठी किंवा ओहोळाशेजारी मोकळा लावू नये, फ्लॉरिडाचा अनुभव पुरेसा आहे.

ऑस्ट्रेलियात आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानातील वामनवृक्षांच्या संग्रहात परदेशी पाइन-मेपलांच्या शेजारी तेथील देशी झाडेही मानाने मांडलेली असतात. ही झाडे घडविताना तेथील लोकांना जपानी विद्या उपयोगी पडली, पण ती जशीच्या तशी लागू पडली नाही. पाइनचा नियम पेपरबार्कवर लादून चालत नाही; वणव्यातून फुटणाऱ्या आणि दलदलीत पाय सोडून उभ्या राहणाऱ्या झाडाला कधी थांबून आणि कधी कापून त्याच्याच चालीने न्यावे लागते. तेव्हा ज्यांच्या घरी कुंडीत एखादे झाड वाढत असेल त्यांनी उद्या सकाळी कात्री उचलण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्याचा कोंब कापण्याजोगा बळकट झाला आहे काय. झाला नसेल तर पाणी घालून परत यावे.